दरडोई वीज

१२ जानेवारी, सोमवार

नवं सत्र आजपासून, रोजनिशीही आजपासून. संकल्प एकच: या वर्षी पर्मनंट व्हायचं. दहा संकल्प करून एकही न पाळणाऱ्यांतला मी नाही.

विद्यापीठात मी अनेक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतो. विषय: पर्यावरणशास्त्र आणि धोरण. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास फळ्यापुढे उभे राहाल तेवढ्याचे पैसे. आजारी पडलात, सुट्टी लागली, तर तुम्ही कोण आणि आम्ही कोण. ओळखपत्रावर ‘अभ्यागत’ असं छापलंय. अभ्यागत म्हणजे पाहुणा. इतकी वर्षं मुक्काम ठोकून बसलेला पाहुणा कुणाच्या घरी असता तर त्याला एव्हाना निदान भाजी आणायला तरी पाठवलं असतं. इथे तेवढाही विश्वास टाकत नाहीत.

पण यंदा वारं फिरलंय. विभागात एक पूर्णवेळ जागा मंजूर झाली. विभागप्रमुख मॅडमना जिन्यात गाठून विचारलंच. म्हणाल्या, बघू. दरवर्षी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायच्या. यंदा ‘पुढच्या वर्षी’ गळलं. धोरण शिकवणाऱ्याला एवढं कळतं.

१४ जानेवारी, बुधवार

संध्याकाळचा वर्ग. तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली. हजर चार. त्यातला एक नोकरीवरून थेट येतो आणि बसल्या बसल्या झोपतो. एक मुलगी फोन चार्ज करायला येते. एक निवृत्त गृहस्थ आहेत, त्यांना माझं सगळंच चुकीचं वाटतं. चौथा खरोखर ऐकतो. निदान माझ्याकडे बघतो.

दर्जा महत्त्वाचा, संख्या नाही. मॅडमना हे एकदा सांगायला हवं.

शिपाईमामा दर अर्ध्या तासाने दारातून डोकावून घड्याळ बघतात. चौघांसाठी अख्खा मजला उघडा ठेवावा लागतो म्हणाले. मी म्हटलं, मामा, ज्ञानाला वेळ लागतो. मामा म्हणाले, मलापण घरी जायला वेळ लागतो.

१६ जानेवारी

मला टेबल नाही. बाहेरच्या पॅसेजमध्ये एक कपाट होतं, त्यात माझी पुस्तकं आणि डस्टर असायचं. आज गेलो तर कपाट गायब, त्या जागी डीप फ्रीझर. पुस्तकं एका खोक्यात, खोकं बाथरूमच्या दाराशी.

फ्रीझर अर्थात चिखलवाल्यांचा. चिखलवाले म्हणजे आमच्या विभागातले एक कायम प्राध्यापक. नद्यांच्या तळाचा चिखल डब्यांत भरून आणतात आणि गोठवून ठेवतात. आता असे चार फ्रीझर झाले. दिवसरात्र घूं घूं चालू. हवामान वाचवायला चिखल गोठवतात आणि त्यासाठी वीज जाळतात. त्यांचे दोन संशोधक विद्यार्थी आहेत, तेही चिखलासारखेच शांत. चिखलवाले मला म्हणाले, तुमची पुस्तकं नीट ठेवली हं मी. वर आणि हसले.

काही बोललो नाही. मोठं मन ठेवायचं ठरवलं. रात्री जेवताना मात्र बरंच बोललो.

१९ जानेवारी, सोमवार

घरी वेगळंच प्रकरण. हिला बढती मिळतेय. विमा कंपनीत आहे ही, कायम नोकरी. शाखाप्रमुख करतायत, पण दुसऱ्या शहरात. इथून गाडीने जायला दिवस मोडतो. फेब्रुवारीअखेर होय-नाही कळवायचंय.

हिने विचारलं, काय करू या. मी शांतपणे समजावलं. जुलैत मी पूर्णवेळ होतोय. मग इथेच घर, इथेच सगळं. आता जागा सोडून जाणं म्हणजे ताट वाढल्यावर उठणं. ती म्हणाली, पण अजून नक्की नाही ना. मी म्हटलं, मॅडम ‘बघू’ म्हणाल्यात. तिने ताटं उचलली. मग भांडी घासायला गेली.

तिला विद्यापीठातली भाषा कळत नाही. तिचा दोष नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

आनंदाची बातमी. कुलगुरूंनी ‘हरित परिसर’ योजना काढली आहे. प्रत्येक इमारतीत वीज कुठे किती जाते ते मोजून शिफारशी करायच्या. आमच्या विभागाकडे काम आलं. चिखलवाले म्हणाले, मला चिखल आहे. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी लगेच होकार दिला.

मानधन नाही. एवढ्या मोठ्या कामाला पैसे मागणं बरं दिसत नाही. शिवाय हे काम बिनपगारी माणसाकडे कधी देतात? ज्याला आत घ्यायचंय त्याच्याकडेच देतात. हिला तसं सांगितलं. म्हणाली, बिनपगारी काम बिनपगारी माणसाकडेच देतात. हिचा मूड ठीक नसावा.

११ फेब्रुवारी, बुधवार

मीटर घेऊन सगळी इमारत पालथी घातली. फ्रीझरचं रीडिंग दोनदा घेतलं, आनंदाने. काय वीज खातात! त्यांच्यापुढे अख्खी कचेरी उपाशी म्हणायची.

आता नुसती वीज मोजून भागत नाही. चिखलवाले म्हणतील, संशोधन आहे. म्हणून मी एक सूत्र बसवलं: खोलीतली वीज भागिले त्या खोलीतले विद्यार्थी. दरडोई वीज. मर्यादेबाहेर गेली की ती खोली बंद, तिचा अभ्यासक्रम दुसरीकडे किंवा ऑनलाइन. चार फ्रीझर, दोन विद्यार्थी. चिखलवाल्यांची प्रयोगशाळा मर्यादेच्या इतकी वर की मला त्यांची दयाच आली. क्षणभर.

शास्त्रीय प्रामाणिकपणा म्हणून सूत्रात कुणालाही सूट नाही. दहा वर्षांत असं काही मी लिहिलं नव्हतं.

संध्याकाळची रीडिंगं मात्र विद्युत अभियंत्याने घ्यावीत असं कळवलं. मला तेव्हा वर्ग असतो.

१४ फेब्रुवारी, शनिवार

साडूकडे जेवण. हिच्या बहिणीचा नवरा. एअर कंडिशनर विकतो आणि त्यावर दोन घरं बांधलीयत. मी म्हटलं, पुढच्या वर्षी या वेळी प्राध्यापक म्हणून बसेन इथे. साडू म्हणाला, वा, म्हणजे पाणी प्यायला बाहेर गेलात तरी पैसे कापणार नाहीत. सगळे हसले. हीपण हसली. मला दिसलं नाही असं तिला वाटलं.

साडूला मुद्दाम उष्णतेच्या लाटांबद्दल पाऊण तास सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे धंदा वाढणार. असल्या लोकांशी काय बोलणार.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ

हिच्या निर्णयाचा शेवटचा दिवस. तिने परत विचारलं. म्हणाली, नीट विचार करून सांगा, नंतर ही संधी येणार नाही. मी नीट विचार करूनच बसलो होतो. म्हटलं, नाही कळव. ती म्हणाली, तुमची खात्री आहे? म्हटलं, माझ्या अहवालावर अख्खं विद्यापीठ चालणार आहे, मला काढतील कसे?

ती फोन घेऊन गॅलरीत गेली, दार लोटून घेतलं. बराच वेळ बोलत होती. आत आली तेव्हा डोळे लाल होते. मी विचारलं, झालं का कळवून? म्हणाली, झालं.

गहिवरून आलं. माझ्यासाठी एवढी नोकरी सोडली बाईने. माझ्यावर असा विश्वास मॅडमचा असता तर मी कधीच कुठल्या कुठे गेलो असतो. ठरवलं: पहिल्या पूर्ण पगारात हिला काहीतरी चांगलं घ्यायचं. काय ते नंतर बघू.

१२ मार्च

चिखलवाल्यांनी घात केला. सूत्राची बातमी कुठून तरी फुटली (मी फक्त मामांना आणि कॅन्टीनवाल्याला सांगितलं होतं). पठ्ठ्याने पहिल्या वर्षाची सगळी मुलं ओळीने आणून फ्रीझर दाखवले. आता आठवड्यातून दोनदा सगळ्या वर्गाचं ‘चिखल निरीक्षण’. मुलं येतात, झाकण उघडतात, थंड हवा खातात, सही करून जातात. भागाकार कोसळला.

तत्त्व म्हणून सूत्र बदललं नाही. बदलायचं म्हटलं तर कारण काय देणार?

१३ एप्रिल, सोमवार

मॅडमनी स्वतः बोलावलं. म्हणाल्या, तुमच्या पेपरची सगळी व्याख्यानं रेकॉर्ड करून ठेवू या, गुणवत्तेसाठी. सगळ्यात आधी माझीच. चिखलवाल्यांची नाहीत! मी विचारलं, माझीच का. म्हणाल्या, तुम्ही नाही म्हणत नाही.

ज्याची व्याख्यानं जपून ठेवायची तो माणूस विद्यापीठाला हवाच असणार. निळा शर्ट घेतला. दाढी कोरून घेतली. कॅमेऱ्यासमोर रिकाम्या बाकांना शिकवताना आधी चुकल्यासारखं झालं, मग लक्षात आलं, नेहमीपेक्षा फार काही कमी नाहीये. निवृत्त गृहस्थ नसल्यामुळे उलट ओघ चांगला राहिला.

२४ एप्रिल, शुक्रवार

सत्र भरायच्या आत सगळी व्याख्यानं झाली रेकॉर्ड. दोन आठवड्यांत अख्खं सत्र. घसा बसला. हिने गरम पाणी करून दिलं. विचारलं, याचे वेगळे पैसे? म्हटलं, ही ठेव आहे, पुढे फळेल. ती म्हणाली, कुणाला?

२८ एप्रिल, मंगळवार

अभियंत्याची संध्याकाळची रीडिंगं आली. दरडोई विजेत सगळ्या विद्यापीठात सगळ्यात वाईट खोली: तिसरा मजला, कोपरा, संध्याकाळ.

माझी.

मजल्याचे सगळे दिवे, लिफ्ट, प्रोजेक्टर, मामांच्या खोलीतला पंखा आणि हीटर (दोन्ही एकदम लावतात), सगळं भागिले चार. दुसऱ्या क्रमांकाचं कुणी माझ्या आसपासही नाही. अभियंता म्हणाला, तपासून पाहिलं, तीनदा.

घाबरायचं कारण नाही. हे आकडे परिशिष्टात आहेत. परिशिष्ट आजवर कुणी वाचलेलं नाही.

५ मे, मंगळवार

तरी खबरदारी. अजून दोन आठवडे रीडिंग चालणार, तेवढ्यात आकडा खाली आणायचा. आज दिवे बंद करून खिडकीशी वर्ग घेतला. प्रोजेक्टर नाही. लिफ्ट वापरू नका म्हणून सांगितलं. फोन चार्जिंगला बंदी.

चार्जिंगवाली गेली. निवृत्त गृहस्थ तीन मजले चढून आले, धापा टाकत म्हणाले, अंधारात बसायला मी घरी बसेन, आणि गेले. उरले दोन. वीज निम्मी झाली, माणसंही निम्मी झाली. भागाकार जागच्या जागी.

८ मे, शुक्रवार

झोपणारा अंधारामुळे गाढ झोपला, त्याला उठवता उठवता दुसरा निघून गेला. आता भागिले एक. मामांनी पंखा आणि हीटर बंद करायला नकार दिला.

१५ मे, शुक्रवार

सभेत अहवाल मंजूर. टाळ्या वाजल्या. कुलगुरूंनी हात हातात घेतला, म्हणाले, उत्तम काम, अभियंतासाहेब. दुरुस्त केलं नाही, मोठी माणसं. शिफारशी जूनपासून जशाच्या तशा लागू. कुणालाही सूट नाही, हे वाक्य त्यांना फार आवडलं. मोठ्याने वाचून दाखवलं.

चिखलवाले पहिल्या रांगेत बसून सगळ्यात जास्त वाजवत होते. आधी वाटलं, मन मोठं आहे माणसाचं.

८ जून, सोमवार

मॅडमनी बोलावलं. खुर्ची दिली. कधी देत नाहीत.

म्हणाल्या, मर्यादेबाहेरचे संध्याकाळचे वर्ग तुमच्या शिफारशीप्रमाणे बंद. तुमचा पेपर रेकॉर्डिंगवर चालेल. सगळी व्याख्यानं तयारच आहेत, फार सोय झाली. मी म्हटलं, हरकत नाही, पण ती पूर्णवेळ जागा. तर म्हणाल्या, जागा कार्यभारावर असते. शिकवायचे तास कमी झाले की जागा टिकत नाही. मंजूर झालेली जागा वर परत गेली.

मी म्हटलं, सूत्र फ्रीझरसाठी होतं. बोलून गेलो. मॅडम म्हणाल्या, फ्रीझर आता इमारतीत सगळ्यात हरित आहेत.

बाहेर चिखलवाले भेटले. हात पुढे केला. म्हणाले, तुमच्यामुळे आम्हाला शिस्त लागली. मी हात मिळवला. थंड होता.

१० जून

रडू आलं नाही. चीड आली. सगळ्यांची. मॅडमची, चिखलाची, भागाकाराची. जाऊन ओरडून यावंसं वाटलं, पण मुलाखतीच्या वेळी ते आडवं येईल. मग आठवलं, मुलाखत नाही.

हिला सांगितलं नाही. तिने माझ्या शब्दावर बढती सोडली. कुठल्या तोंडाने सांगू?

१७ जून, बुधवार

योजना. पटावर माणसं वाढवली की दरडोई वीज खाली, वर्ग परत चालू, जागा परत. साधं गणित. मामांना म्हटलं, नाव नोंदवा, फी मी भरतो. मामा म्हणाले, वर्ग बंद झाल्यापासून मी सहाला घरी असतो, नातवंडं ओळखायला लागली. कॅन्टीनवाल्याने विचारलं, परीक्षा असते का. असते म्हटल्यावर दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. झोपणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, सर, रेकॉर्डिंगचं फार बरं झालं, आता घरीच झोपता येतं.

२२ जून, सोमवार

रोज संध्याकाळी पिशवी घेऊन बाहेर पडतो, हिला संशय नको म्हणून. वाचनालयात बसतो. वर्तमानपत्रं वाचून झाली की तीच उलटीकडून वाचतो. नंतर मुद्दाम जरा घसा बसल्यासारखं करून घरी येतो. ही पाणी गरम करून देते. ते पाणी पिताना फार वाईट वाटतं. तरी पितो.

संकल्प: उद्या सांगायचं.

२३ जून

उद्या.

६ जुलै, सोमवार

नवं सत्र सुरू. वाचनालय दुरुस्तीसाठी बंद, म्हणून घरीच. ही कामावर. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप लावून माझ्याच व्याख्यानात शिरलो. बघू तरी किती येतात.

उपस्थित: एक. पाच मिनिटं वाट पाहिली, कोण असेल तो. मग कळलं, तो मीच.

निळ्या शर्टातला मी बरा शिकवतो. हात फार हलवतो, पण मुद्दा सोडत नाही. ऐकत बसलो. इतकी वर्षं काय सांगत होतो ते पहिल्यांदाच नीट ऐकलं. तेवढ्यात ही आली. लवकर. लपवायला वेळच मिळाला नाही.

तिने पर्स ठेवली, खुर्ची ओढून शेजारी बसली. पडद्यावर मी सांगत होतो की कुठलंही धोरण ठरवताना ज्यांच्या आयुष्यावर परिणाम होणार आहे त्यांना आधी विचारावं, आणि नुसतं विचारू नये, ते काय म्हणतात ते ऐकावं. ती शेवटपर्यंत ऐकत होती. म्हणाली, छान शिकवता तुम्ही. खरंच म्हणाली, टोमणा नव्हता.

मी सगळं सांगून टाकलं. वर्ग, जागा, वाचनालय. म्हटलं, माझ्यापायी तू नोकरी घालवलीस.

ती म्हणाली, मी होच कळवलं होतं. त्याच दिवशी, गॅलरीतून. ऑगस्टमध्ये रुजू व्हायचंय. घरही बघून ठेवलंय, तुमच्या साडूंनी मदत केली. वर्ग बंद झाल्याचं तिला जूनमध्येच कळलं होतं, मामा बाजारात भेटले होते. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली, दोनदा विचारलं तुम्हाला. दोन्ही वेळा तुम्ही समजावूनच सांगत होतात.

मग डोळे का लाल होते, विचारलं. म्हणाली, तुमच्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले म्हणून.

म्हणजे तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. फेब्रुवारीतही नव्हता. आणि जूनभर घसा न बसलेल्या माणसाला ती रोज पाणी गरम करून देत होती. बढती गेली असती तर मी आयुष्यभर अपराधी राहिलो असतो, ते वाचलं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एक माणूस तरी माझं खरं धरून चाललंय असं वाटत होतं, त्याच्यावर मी उभा होतो.

ती म्हणाली, तिकडेही विद्यापीठ आहे म्हणतात. तिने लॅपटॉप बंद केला आणि सामानाचं विचारलं.

उद्या खोकी आणायची. किती लागतील ते हिला विचारून.